मुलं पळवणारी टोळी आणि ओळखीचा माणूस

पावसाळा तोंडावर आला की जबलपूरमधल्या अधारतालच्या वसाहतींमधल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश हमखास फिरायला लागतो. कधी हिंदीत, कधी आम्हा मराठी घरांच्या ग्रुपवर मराठीत. शहरात पोरं पळवणारी टोळी शिरली आहे. साधूंच्या, भिकाऱ्यांच्या, चादरी विकणाऱ्या बायकांच्या वेशात हे लोक फिरतात. मुलांना एकटं सोडू नका. जास्तीत जास्त लोकांना पाठवा. सोबत एखादा धूसर व्हिडिओ असतो. गाव कोणतं, तारीख कोणती, तक्रार कुठल्या ठाण्यात झाली, यातलं काहीच त्यात नसतं. पाठवणारी माणसं वाईट नसतात. त्यांत शिक्षिका असतात, कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेली मंडळी असतात, लहान मुलांच्या आया असतात. जीव घाबरा होतो म्हणून पाठवतात.

या संदेशाकडे काणाडोळा करून चालणार नाही, कारण माणसांच्या तस्करीबद्दल घरोघर पोचणारी जागृती आपल्याकडे प्रामुख्याने हीच आहे. सरकारी भित्तिपत्रक भिंतीवर ऊन खात राहतं, परिसंवादांची निमंत्रणं नेहमीच्याच लोकांना जातात. हा संदेश मात्र रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांच्या खिशात असतो. आणि तो जे शिकवतो ते चूक आहे. तो सांगतो की मुलं नेणारा माणूस अनोळखी असतो, बाहेरगावचा असतो, फाटक्या कपड्यांतला असतो. प्रत्यक्षात मुलगी किंवा मुलगा नेणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो, बरे कपडे घालून येतो, घरात बसून चहा पितो आणि आई-बापांच्या संमतीने, कधी त्यांच्या आशीर्वादाने, त्यांना घेऊन जातो. या दोन चित्रांमधल्या अंतरात मुली हरवतात. आणि त्याच अंतरात निरपराध माणसं मारलीही जातात.

१ जुलै २०१८ हा दिवस महाराष्ट्राने विसरू नये असा आहे. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. रविवार होता, बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत तिथे आली. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेवर जगणारे. त्या भागात आठवडाभर मुलं पळवणाऱ्यांचे संदेश फिरत होते. पाचांपैकी एकजण एका लहान मुलीशी बोलताना कुणाला तरी दिसला आणि गर्दी धावून आली. मारत मारत त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच काठ्या-दगडांनी पाचही जणांचा जीव घेतला. मारहाणीचे व्हिडिओही मोबाईलवर काढले गेले आणि तेही पुढे फिरले. मेलेल्यांपैकी कुणीही कुणाचंही मूल पळवलेलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात देशभर अशा अफवांनी वीसहून अधिक माणसं गेली. राईनपाड्याच्या तीनच दिवस आधी त्रिपुरात, अफवांवर विश्वास ठेवू नका असं ध्वनिक्षेपकावरून सांगत गावोगाव फिरण्यासाठी सरकारने नेमलेल्या एका तरुणालाच जमावाने ठार मारलं. मग केंद्र सरकारने व्हॉट्सॲप कंपनीला जाब विचारला, तिने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं बंधन घातलं.

या सगळ्यात एक व्हिडिओ पुन्हा पुन्हा फिरत होता. मोटारसायकलवरून दोघेजण येतात, गल्लीत खेळणाऱ्या मुलांतल्या एकाला उचलतात आणि निघून जातात. बंगळुरूपासून आसामपर्यंत लोकांनी तो आपल्याच भागातला म्हणून पाहिला. तो होता कराचीचा, आणि खरा नव्हताच. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेने जनजागृतीसाठी तो मुद्दाम चित्रित केला होता. मूळ चित्रफितीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि फलक उघडून दाखवतात: कराचीत मूल पळवायला एवढाच वेळ लागतो, सावध राहा. इथे कुणीतरी तो शेवट कापून टाकला. चांगल्या हेतूने, चांगल्या कसबाने बनवलेली ती जागृतीची चित्रफीत अर्ध्यावर तोडली गेली आणि परक्या देशात माणसं मारण्याचं निमित्त झाली.

मला या घटनेतून एक निष्कर्ष टाळता येत नाही. भीती हे ज्या जागृतीचं एकमेव भांडवल आहे, ती जागृती कुणाच्याही हातात शस्त्र होऊ शकते. तिचा शेवट कापला तरी भीती शिल्लक राहते. ज्या संदेशात तपासून पाहता येईल अशी माहिती असते, त्याचं असं होत नाही. माहिती कापली की तो संदेश निकामी होतो, पण घातक होत नाही. डिजिटल माध्यमांतून तस्करीविरुद्ध काही करायचं असेल, तर सुरुवात या फरकापासून करावी लागेल.

आता खरा व्यवहार कसा चालतो ते पाहू. नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात उभाडे गावाजवळ कातकऱ्यांची वस्ती आहे. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात तिथल्या दहा वर्षांच्या एका मुलीला अत्यवस्थ स्थितीत तिच्या आई-बापांच्या झोपडीबाहेर आणून टाकलं गेलं. उपचार चालू असताना ती वारली. चौकशी झाली तेव्हा कळलं की तिला मेंढ्या राखायला दिलं होतं, आणि बदल्यात घरच्यांना मिळाली होती एक मेंढी आणि काही हजार रुपये. श्रमजीवी संघटनेने प्रकरण लावून धरलं, तेव्हा नाशिक आणि अहमदनगर जिल्ह्यांत मेंढपाळांकडे अशीच दिलेली आणखी मुलं सापडत गेली. कुणी त्यांना तोंडावर रुमाल टाकून पळवलं नव्हतं. मुलं नेणारे दरवर्षी त्याच वाटेने जाणारे, वस्तीला माहीत असलेले लोक होते. मुलाला पोटभर खायला मिळेल, हा त्यांचा शब्द होता. उपाशी घराला तो शब्द खरा वाटतो.

जबलपूरभोवतीच्या महाकोशलात हाच व्यवहार लग्नाच्या रूपाने येतो. मंडला, डिंडोरी, उमरिया इकडच्या गावांत एखादी दूरची मावशी, शेजारच्या गावची कुणी ओळखीची बाई स्थळ घेऊन येते. मुलाकडचे बुंदेलखंडातले, राजस्थानातले किंवा हरियाणातले असतात; हुंडा नको म्हणतात, उलट लग्नाचा खर्च आम्हीच करू म्हणतात. मुलींची संख्या घटलेल्या मुलखात बायको मिळत नाही, म्हणून ती विकत आणली जाते. हरियाणात अशा सुनांना मोलकी म्हणतात, म्हणजे मोल देऊन आणलेली. ती घरात राबते, शेतात राबते, कधी एका घरातून दुसऱ्या घरात दिली जाते. तिच्या माहेरी मात्र मुलगी चांगल्या घरी पडली अशीच समजूत असते, कारण फोन सासरच्यांच्या हातात असतो.

मुलांना कामाला नेणारा ठेकेदार हाही गावातलाच, आधी स्वतः जाऊन आलेला. तो उचल देतो, आई-बाप ती आजारपणात किंवा बियाण्यात खर्च करतात आणि मूल त्या उचलीला बांधलं जातं. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आणि संविधानाचं तेविसावं कलम हे दोन्ही असल्या बांधिलकीला बेकायदा ठरवतात. फसवून, दबाव आणून किंवा पैशांचं आमिष दाखवून शोषणासाठी नेलेल्या माणसाची संमती कायद्याच्या लेखी संमतीच नव्हे, हे २०१३ साली भारतीय दंड संहितेच्या ३७० व्या कलमात स्पष्ट झालं आणि आता भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमात तसंच आहे. म्हणजे ‘ती स्वतःच्या मर्जीने गेली’ एवढं म्हणून कुठल्याही पोलीस ठाण्याला हात झटकता येत नाहीत. पण ही गोष्ट सांगणारा संदेश तुमच्या-माझ्या ग्रुपवर कधी आल्याचं आठवतं का? मला आठवत नाही.

परक्याच्या भीतीचं मूळ आपल्या शहराच्या इतिहासातही सापडतं. ठगांचा बंदोबस्त करणारा कर्नल स्लीमन जबलपूरला बसून कारभार पाहायचा. कटनीच्या वाटेवरचं स्लीमनाबाद त्याच्याच नावाचं. त्याने १८३९ साली एक अहवाल छापला. गरीब प्रवासी आई-बापांना मारून त्यांची लहान मुलं गुलाम म्हणून विकणाऱ्या ठगांबद्दलचा हा अहवाल दिल्लीचा मुलूख, अलवर, भरतपूर आणि राजपुताना यांविषयी होता. माणसांच्या व्यापाराच्या तपासाचा एवढा जुना छापील दस्तऐवज आपल्याकडे क्वचितच असेल. त्याचं मोल मी मानतो. माफीच्या साक्षीदारांकडून तपशील गोळा करायचे, जबाब ताडून पाहायचे, वाटांचे नकाशे काढायचे, ही स्लीमनची पद्धत मेहनतीची होती. पण त्याच काळात गुन्हा माणसाचा न ठेवता जातीचा करण्याची सवय राज्यकर्त्यांना लागली. तिचा कळस म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. भटकणाऱ्या समाजांत जन्माला आलेलं मूल जन्मतःच संशयित ठरलं. कायदा १९५२ साली गेला. संशय गेला नाही. राईनपाड्याला मेलेली पाच माणसं भटक्या समाजातलीच होती, हा निव्वळ योगायोग मी मानत नाही. आपल्या ग्रुपवरच्या संदेशात ‘साधूच्या वेशात’, ‘चादरी विकणाऱ्या बायका’ असे शब्द येतात, तेव्हा त्यात तो जुना कायदाच बोलत असतो.

अधारतालबद्दल थोडं सांगायला हवं, कारण जागृतीला पत्ता लागतो. राणी दुर्गावतीचे दिवाण अधारसिंह यांच्या नावाचा हा तलाव आणि त्याच्याभोवती वाढलेली ही वस्ती. इथे १९६४ साली स्थापन झालेलं कृषी विश्वविद्यालय आहे, औद्योगिक वसाहत आहे, जवळच रिछाईचे कारखाने आहेत आणि कटनीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं एक छोटं स्टेशन आहे. जबलपूर हे पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय, हायकोर्टाचं शहर. आजूबाजूच्या आदिवासी जिल्ह्यांतली माणसं कामासाठी बाहेर पडतात ती बरीचशी इथूनच गाडी बदलून. जबलपूर-गोंदिया मार्ग रुंद झाल्यापासून बालाघाट, गोंदिया आणि पुढे दक्षिणेकडची वाट आणखी जवळ आली. गाठोडी, प्लास्टिकची घमेली, कडेवर मूल आणि पुढे चालणारा, सगळ्यांची तिकिटं स्वतःच्या खिशात ठेवणारा एक माणूस, असं टोळकं इथल्या फलाटांवर पाहिलं नसेल असा माणूस या शहरात विरळा. त्यातली बहुतेक माणसं खरोखर कामाला जातात, कष्ट करतात, चार पैसे घेऊन परत येतात. काही परत येत नाहीत. दोन्हींमधला फरक फलाटावर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तो पाहून ओळखता येईल असं लोकांना शिकवणं व्यर्थ आहे.

फरक कळतो तो नोंदीतून. ८ मे २०२० ची पहाट आठवा. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून पायी गावाकडे निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले आणि मालगाडीखाली गेले. ते आमच्या शेजारच्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांचे होते. त्यांचे मृतदेह विशेष गाडीने जबलपूरला आणून पुढे नेण्यात आले. ती तस्करी नव्हती, हे स्पष्ट केलं पाहिजे. पण टाळेबंदीच्या त्या दिवसांत एक गोष्ट उघड झाली: गावातून कोण, कुठे, कुणाबरोबर गेलं आहे याची धड यादी कुणाकडेही नव्हती. १९७९ च्या स्थलांतरित मजुरांच्या कायद्यात ठेकेदाराला परवाना आणि मजुराला फोटो लावलेलं पासबुक सांगितलं होतं. ते पासबुक हातात पडलेला मजूर शोधूनही सापडला नसता. अशा अंधारात प्रामाणिक ठेकेदार आणि दलाल सारखेच दिसतात.

म्हणून मला वाटतं, फोनचा खरा उपयोग इथे आहे. ज्या ग्रुपवर टोळीची अफवा पोचते, त्याच ग्रुपवर निघण्यापूर्वीची माहितीही पोचू शकते. नेणाऱ्याचं पूर्ण नाव, त्याच्या ओळखपत्राचा फोटो, गाडीचा क्रमांक, कामाच्या जागेचा पत्ता, मालकाचा नंबर, ठरलेली मजुरी आणि उचल, आणि पोचल्यावर कुणाला फोन करायचा ते नाव. एवढं एका संदेशात मावतं. ते गावातल्या दोन माणसांकडे राहिलं, मग ती आशाताई असो, अंगणवाडीताई असो की शाळेतले मास्तर, तरी दलालाची अडचण होते. दलालाला भीती असते ती आपलं नाव कुठेतरी लिहिलं जाण्याची. नाव सांगायला, फोटो द्यायला जो कुरकुरतो, तो तिथेच ओळखू येतो. वेशावरून ओळखायची गरज उरत नाही.

या कल्पनेला एक मोठा धोका आहे आणि तो मी दडवणार नाही. मुली कुठे जातात याच्या नोंदी ठेवा म्हटलं की गावातले पुढारी आणि भाऊबंद त्याचा पहारा करतात. प्रौढ मुलगी स्वतःच्या इच्छेने शहरात कामाला निघाली तर तिला अडवण्याचा अधिकार पंचायतीला नाही, बापाला नाही, स्टेशनवरच्या स्वयंसेवकालाही नाही. तस्करी रोखण्याच्या नावाखाली मुलींना घरात कोंडलं तर आपण दलालाचंच काम सोपं करतो, कारण कोंडलेली मुलगी पळून जाण्यासाठी पहिला भेटेल त्याचा हात धरते. नोंद ठेवायची ती तिच्याकडे परतीची वाट राहावी म्हणून, आणि ती तिच्या हातात, तिच्या फोनमध्ये, तिने निवडलेल्या माणसाकडे. ही अट सोडली तर असली मोहीम मला नको.

दुसरी अडचण फोनचीच. ज्या घरांना सगळ्यात जास्त गरज आहे तिथे फोन एकच असतो आणि तो मुलीच्या हातात नसतो. वाचता येईलच असंही नाही, आणि भाषा गोंडी असते. यावर आपल्याच शेजारी एक उत्तर निघालं होतं. छत्तीसगडमध्ये पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० साली सीजीनेट स्वर सुरू केलं. साध्या फोनवरून एक नंबर लावायचा, आपल्या बोलीत म्हणणं ध्वनिमुद्रित करायचं, इतरांचं ऐकायचं. इंटरनेट नको, अक्षरओळख नको. मजुरी थकली, हातपंप बंद पडला, मास्तर येत नाहीत, अशा तक्रारी गोंडीतून यायच्या. ऐकणारे दूरच्या शहरांतून त्या अधिकाऱ्याला फोन करायचे आणि कामं व्हायची. जागृती म्हणून त्या लोकांना कुणी काही शिकवलं नव्हतं. त्यांना बोलायला जागा दिली होती. कामावरून परत आलेली मंडल्याची मुलगी आपल्या बोलीत त्या ठेकेदाराचं वागणं सांगते, ते ऐकून दुसरी मुलगी सावध होते. शहरातल्या जाहिरातसंस्थेने काढलेल्या दहा चित्रफितींपेक्षा मी त्या आवाजावर भरवसा ठेवेन.

मराठीत हे शंभर वर्षांपूर्वी झालेलं आहे. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढलं. खंडोबाला मुली मुरळी म्हणून वाहण्याच्या चालीविरुद्ध त्यांनी त्यातून मोहीम चालवली. सुधारकांनी मुरळ्यांबद्दल पुष्कळ लिहिलं होतं. कांबळ्यांनी शिवूबाई नावाच्या मुरळीचं स्वतःचं पत्र छापलं. तिने आपल्या आयुष्याचे हाल लिहिले आणि अशा बायकांना समाजात संसार करता येईल का, असा सवाल टाकला. ते वाचून गणपतराव गायकवाड नावाच्या कार्यकर्त्याने तिच्याशी लग्न करायची तयारी कळवली आणि ते लग्न झालं. त्या काळी मासिकाच्या प्रती कितीशा निघत असतील? पण ज्या वस्त्यांत मुली वाहिल्या जात, त्याच वस्त्यांत ते वाचलं आणि वाचून दाखवलं जात होतं, आणि बोलणारी बाई त्यांच्यातलीच होती. पुढे १९९६ साली मुंबईच्या कामाठीपुऱ्यातून सोडवल्या गेलेल्या नेपाळी मुलींनी मायदेशी परतल्यावर शक्ती समूह ही संघटना काढली. तिला २०१३ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुटलेल्या बायकांनीच चालवलेली ती संघटना आहे.

याच्या नेमकं उलट आपली माध्यमं वागतात. छापा पडतो, मुली सोडवल्या जातात आणि तासाभरात त्यांची ओढणीने तोंड झाकलेली रांग मोबाईलवर येते. ओढणी कुणाची, बांगड्या कुणाच्या, चप्पल कुणाची, हे गावात ओळखू येतं. बालन्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने मुलाची ओळख पटेल असं काहीही, नाव, शाळा, चेहरा, छापायला बंदी आहे. बुद्धदेव कर्मसकर खटल्यात १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छाप्यात सापडलेल्या प्रौढ बायकांचीही ओळख माध्यमांनी उघड करू नये असं बजावलं. तरी यूट्यूबवरच्या गल्लीबोळातल्या वाहिन्या हे रोज करतात आणि आपण ते ‘जागरूक राहा’ असं लिहून पुढे पाठवतो. त्या मुलीची परतीची वाट आपल्या अंगठ्याने बंद होते. हा गुन्हा आहे आणि तो करणाऱ्यांत सुशिक्षित घरं आघाडीवर आहेत, हे मला स्पष्ट लिहायचं आहे.

सुशिक्षितांना वाटतं की हा प्रश्न जंगलातल्या गावांचा. तसं राहिलेलं नाही. २०२२ पासून भारतातली पदवीधर मुलं थायलंडमध्ये संगणकावरच्या नोकऱ्या म्हणून नेली गेली आणि सीमा ओलांडून म्यानमारच्या म्यावाडी भागात, कंबोडियात, लाओसमध्ये तारेच्या कुंपणाआड अडकली. पारपत्र काढून घ्यायचं, खोट्या तरुणींच्या नावाने फेसबुकवर ओळखी वाढवून लोकांना लुबाडायला लावायचं, नाही म्हटलं तर मारहाण आणि दंड. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार म्यानमारमध्ये किमान एक लाख वीस हजार आणि कंबोडियात सुमारे एक लाख माणसं अशी राबवली जात होती. मे २०२४ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने मुंबई पोलिसांकडचं असंच एक प्रकरण हाती घेऊन महाराष्ट्रासह अनेक राज्यांत छापे घातले. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या दोन विमानांनी ५४९ भारतीयांना परत आणलं.

ही मुलं कुठे गाठली गेली? टेलिग्रामवर, फेसबुकवर, आणि पुष्कळदा आधी गेलेल्या मित्राच्या फोनवरून. म्हणजे इथेही ओळखीचाच माणूस. कधी तो स्वतःच कुंपणाआड असतो आणि सुटकेसाठी दुसरा आणून द्यायला त्याला भाग पाडलेलं असतं. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर परवानाधारक भरती एजंटांची यादी कुणालाही पाहता येते. एजंटाला तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढीच फी घ्यायची मुभा आहे. पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही. अधारतालच्या कोणत्याही घरात दहा मिनिटांत तपासता येतील अशा या तीन गोष्टी. आमच्या कॉलेजांच्या भिंतींवर त्या मोठ्या अक्षरांत असायला हव्या होत्या.

गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात २०२२ साली देशभरात मानवी तस्करीचे म्हणून नोंदलेले गुन्हे होते २,२५०. एकशेचाळीस कोटींच्या देशाचा हा आकडा आहे. दुसरीकडे त्याच विभागाच्या तक्त्यांत हरवलेल्या मुलांच्या यादीत मध्य प्रदेश वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकांवर असतो आणि त्यात मुली मुलांपेक्षा कितीतरी जास्त. एवढ्या मुली हरवतात आणि तस्करीचे गुन्हे इतकेच, तर मधली प्रकरणं ‘प्रेमप्रकरण’, ‘घरातून रागावून गेली’ अशा शेऱ्यांखाली मिटतात हे उघड आहे. काही मुली खरोखर स्वतःहून जातात. पण शेरा मारण्याआधी चौकशी व्हायला हवी, आणि ती व्हावी म्हणून दबाव आणणं हे सुशिक्षित वस्त्यांना जमण्यासारखं काम आहे. पोलिसांनी ‘ऑपरेशन मुस्कान’सारख्या मोहिमांत मुलं शोधून आणली आहेत, रेल्वे सुरक्षा दलाने ‘नन्हे फरिश्ते’ मोहिमेत फलाटांवरून मुलं वाचवली आहेत. यंत्रणा आहे. तिला वेळेवर, नेमकी माहिती लागते. अफवेच्या दहा फोनांनी तिचा वेळ जातो आणि अकरावा खरा फोन मागे पडतो.

कुणी म्हणेल, भीतीने का होईना, लोक जागे तर राहतात. राईनपाड्याची गर्दी जागीच होती. आणि तिच्या त्या जागेपणाने एकही मुलगी वाचली नाही.

म्हणून अधारतालच्या, आणि जिथे जिथे हा लेख वाचला जाईल तिथल्या, मराठी घरांना माझं मागणं आहे. टोळीचा संदेश आला की पाठवणाऱ्याला तिथेच विचारा: कुठलं गाव, कुठली तारीख, कुठलं ठाणं? उत्तर नसेल तर तो काढून टाकायला सांगा, मग पाठवणारे काका असोत की मुख्याध्यापक. घरकामाला मुलगी आणून देतो म्हणणाऱ्याकडे तिचं वय, तिचं गाव, तिच्या आईचा नंबर मागा आणि त्या आईशी स्वतः बोला; आपल्या सुशिक्षित घरांतली मागणीही या व्यापाराला पोसते. फलाटावर, गाडीत, कारखान्यात एखाद्या मुलाबद्दल शंका आली तर गर्दी जमवू नका, फोटो काढू नका. मुलांसाठीच्या १०९८ ला किंवा ११२ ला फोन करा, रेल्वेत असाल तर १३९ ला, आणि त्या माणसाला हात लावू नका. आणि ओळखीतल्या कुणाचं मूल हरवलं तर त्या घरच्यांबरोबर ठाण्यात जा. चोवीस तास थांबा असं सांगितलं तर थांबू नका. तशी अट कुठल्याही कायद्यात नाही. हरवलेल्या मुलाची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी झाली असं धरून लगेच गुन्हा नोंदवा, असं सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनाच्या खटल्यात १० मे २०१३ रोजीच सांगून ठेवलं आहे.